झापाखालचं ऊन

महिपती सुतार गाडीच्या टपावर पालथा पडून रोलर फिरवत होता आणि खाली त्याची बायको वैजयंती चहाचा कप घेऊन तिसऱ्यांदा हाक मारत होती.

"अहो, निवला की चहा."

"निवू दे. एक बुडबुडा राहिलाय."

"तो काय पळून चाललाय का?"

"बुडबुडा न्हाई पळत. पाणी शिरतंय त्यातनं," महिपती वरूनच म्हणाला आणि रोलर पुन्हा कडेपर्यंत घेऊन गेला.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत महिपतीचा गाड्यांच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. पस्तीस वर्षांत त्याने ट्रक बांधले, शाळेच्या बस बांधल्या, दोन रुग्णवाहिका आणि एक शववाहिकाही बांधली. त्याच्या हाताखालून गेलेल्या गाडीचा टप गळाला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तर महिपतीने जेवण सोडलं असतं. आताची गाडी मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. एका शाळेने मोडीत काढलेली बारकी बस त्याने उचलून आणली होती. आत पलंग, ओटा, पाण्याच्या टाक्या, मोरी असं सगळं बसवून झालं होतं. टपावरचा सोलर पत्रा तेवढा राहिला होता, आणि सगळं अडलं होतं ते त्याच्यावरच.

वैजयंतीच्या मूत्रपिंडांनी सहा वर्षांपूर्वी काम सोडलं. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार हे तीन वार दवाखान्याचे झाले. कुणाचं लग्न असो की मयत, आधी वार बघायचा आणि मग बहुतेक वेळा नाहीच म्हणायचं. मागच्या वर्षी घरी वापरायचं डायलिसिसचं नवं यंत्र आलं. सुटकेसएवढं. तेच चार-पाच लिटर पाणी गाळून गाळून पुन्हा वापरायचं, त्यामुळे नळाची तोटी नको की मोठी टाकी नको. रोज अडीच तास लावायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. वैजयंतीचा दवाखाना सुटला. महिपतीची झोप मात्र गेली. यंत्र सुरू असलं की तो त्याच्यासमोर स्टूल टाकून बसे, आणि यंत्र बंद असलं तरी रात्री दोनदा उठून त्याच्या दिव्यांकडे बघून येई.

पण हे यंत्र मोठं सोवळं होतं. वाटेल त्या विजेला ते शिवू देत नसे. माणसाचं रक्त बाहेर काढून पुन्हा आत घालायचं, मध्येच वीज खालीवर झाली तर काय करणार? म्हणून दवाखाना तपासून नोंदवेल तीच वीज यंत्र ओळखायचं. घरचा प्लग नोंदवलेला होता. दुसरी नोंद महिपतीने हट्टाने करून घेतली होती: गाडीवरचा पत्रा आणि त्याची बॅटरी. त्या बॅटरीत दुसरीकडची वीज भरली तर नोंदच बाद. डॉक्टरांनी सही करताना बजावलं होतं, "एक दिवस जरी चुकला तर यंत्रच मला कळवेल, आणि प्रवासाची परवानगी जाईल. मग पुन्हा मागू नका."

एवढा खटाटोप गावपळणीसाठी चालला होता.

वैजयंतीचं माहेर तळकोकणात, देवखोलला. त्या गावात दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेतात. कौल झाला की सगळं गाव तीन दिवसांसाठी घराला कडी लावून वेशीबाहेर जातं. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. माळावर नारळाच्या झापांच्या खोप्या उभ्या राहतात, तीन दगडांवर चुली पेटतात, भजनं होतात, फुगड्या होतात आणि गावात चिटपाखरू राहत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन माणसं घरी परततात. लहानपणीच्या गोष्टी सांगायला लागली की वैजयंती फिरून फिरून याच माळावर यायची. आजारपणात एक गावपळण हुकली होती. यंदा तिच्या भावाचा, सदानंदचा, फोन आला.

"वैजू, देवाचो कौल झालो. ह्या टायमाक तरी येतलंस मगो?"

वैजयंतीने नवऱ्याकडे बघितलं. महिपती घाटावरचा माणूस, देवधर्मात यथातथाच. पण तिच्या तोंडावर जे दिसलं ते त्याने सहा वर्षांत बघितलं नव्हतं.

"येतोय म्हणून सांग," तो म्हणाला.

पत्रा आला तो त्यांच्या एकुलत्या एका मुलीकडून. वृषाली पुण्याला सोलर पत्रे बनवणाऱ्या कंपनीत संशोधक होती. जुन्या काचेच्या पॅनेलांना वजन फार. बारक्या बसच्या टपावर मावतील तेवढ्या काचा बसवल्या तरी यंत्राला पुरेल एवढी वीज निघत नव्हती. वृषालीच्या कंपनीने स्फटिकाचं एक नवं द्रावण तयार केलं होतं. ते प्लास्टिकवर रंगासारखं फासायचं, वाळलं की रेक्झिनइतका पातळ पत्रा तयार. जागा तेवढीच, वीज दुप्पट. मावळतीच्या मंद उन्हातही तो काम करायचा. टपाला भोक पाडायला नको, थिनरने पुसून घ्यायचं आणि चिकटवायचं. चार पट्ट्या, प्रत्येकीचा आकडा मीटरवर वेगळा दिसायचा.

पत्रा उत्तमच होता. पण बापलेकीत एक अढी होती. कारखाना वृषाली चालवेल असं महिपतीने ती दहावीत असतानाच ठरवून टाकलं होतं, आणि ती स्फटिक शिकायला निघून गेली. भांडण असं कधी झालं नाही. तिच्या कामाबद्दल महिपती चांगलं बोलत नसे आणि वाईटही बोलत नसे. ते न बोलणंच तिला लागायचं.

"आण्णा, लावा आणि निघा," तिने फोनवर सांगितलं. "बाकी काही करू नका."

आता महिपतीला 'काही करू नका' असं सांगणं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवणं. त्याच्या कारखान्याचा एक नियम होता: नवं काम आठ दिवस लोडवर चालवल्याशिवाय दाराबाहेर काढायचं नाही. नव्या ट्रकात तो वाळूची पोती भरून फिरवायचा. नव्या टपावर रात्रभर पाइपाने पाणी सोडायचा. पत्र्याचीही त्याने तशीच परीक्षा घेतली. दिवसा गाडी उन्हात उभी करून पत्र्याच्या विजेवर हीटर चालवले आणि रात्री शेडमध्ये घेऊन डोक्यावर दोन मोठे हॅलोजन लावले. आठ दिवस आणि आठ रात्री. आकडे रोज थोडे थोडे खाली येत गेले, पण हॅलोजन म्हणजे काही सूर्य नव्हे, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं. नवव्या दिवशी सकाळी नारळ फोडला आणि गाडी घाटाकडे वळवली.

देवखोलच्या माळावर ती दोघं दुपारी पोचली तेव्हा गाव नुकतंच बाहेर पडून खोप्या बांधत होतं. वैजयंती गाडीतून उतरली आणि पहिल्या पाच मिनिटांत तिची भाषा बदलली. भाऊ, वहिनी, वर्गातल्या मैत्रिणी, जो भेटेल त्याच्याशी ती मालवणीत भडाभडा बोलत सुटली. महिपतीला निम्मं कळत होतं. निम्मं कळलं नाही तरी चालत होतं. बायकोला इतकं बोलताना ऐकणं हीच त्याला मेजवानी होती.

भजनासाठी शेजारच्या गावातून तार ओढून माळाच्या मध्यावर रात्रभर जळणारा एक मोठा पांढरा दिवा लावला होता. वैजयंतीला यंत्र लावून बसल्या बसल्या दारातून फुगड्या दिसाव्यात म्हणून महिपतीने गाडी बरोबर त्या दिव्याखाली लावली. यंत्र छान चाललं. फक्त टपावरच्या मागच्या खिडकीतून दिव्याचा उजेड तिच्या उशीवर यायला लागला, तेव्हा सदानंदची बायको लतिका खोपीतून दोन झाप घेऊन आली.

"उजेड डोळ्यार इलो तर ती निजतली कशी?" असं म्हणून तिने झाप टपाच्या मागच्या बाजूला फेकले. नव्या पत्र्यावर ओले झाप! पण मेव्हण्याच्या बायकोला काय बोलणार? सकाळी उठल्याबरोबर त्याने ते उतरवले आणि मऊ फडक्याने पत्रा पुसून काढला.

दहा वाजता मीटर बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

बॅटरी वीस टक्क्यांवर होती. आदल्या दिवशीच्या वापराने ती उतरणार हे त्याला माहीत होतं. पण चांगलं तीन तास ऊन खाऊन ती जेमतेम चार टक्के चढली होती. संध्याकाळी यंत्र चालवायला पन्नास लागणार. पहिल्या तीन पट्ट्यांचे आकडे मेल्यात जमा होते. चौथी तेवढी खणखणीत होती. महिपतीने तीनही पट्ट्यांचे जोड उघडले, घासले, पुन्हा बसवले. जोडांत काही दोष नव्हता. अकरापर्यंत बॅटरी चोवीसवर आली. असंच चाललं तर पाचपर्यंत फार तर चाळीस. आणि पाचला कणकवलीकडे निघालं नाही तर पोचेपर्यंत तिथलं डायलिसिस केंद्र बंद होणार होतं.

वैजयंती खोपीत खोबरं किसत बसली होती. त्याने तिला बाजूला बोलावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कणकवलीला गेलो की परवानगी गेली, असंच ना?"

"व्हय. पण जीव ऱ्हाईल."

"जिवाचं मला ठाऊक आहे हो," ती म्हणाली. "सहा वर्षं तेवढंच तर राखतेय." आणि पदराने हात पुसत राहिली.

महिपतीला ते ऐकवलं नाही. तो टपावर चढला आणि पत्र्याकडे बघत उकिडवा बसला. खालून लतिकाने विचारलं, "भावोजी, माझे झाप कित्याक काढलात? बाय दुपारची आडवी होतली तेव्हा उन्ह लागात."

"तुमचे झाप..." महिपती ओरडणार होता. पण अर्ध्यावरच थांबला. झाप पडले होते ते मागच्या बाजूला. चौथी पट्टी मागच्याच बाजूला होती. झाकलेली तेवढी जिवंत राहिली आणि उघड्या होत्या त्या मेल्या, हे कोणत्या शास्त्रात बसतं?

त्याने वृषालीला फोन लावला. आकडे सांगितले, झाप सांगितले.

"आण्णा, एक मिनिट. रात्री गाडी कुठे होती?"

"भजनाच्या दिव्याखाली."

"एका रात्रीने एवढं होणार नाही. त्याच्या आधी?"

महिपती घुटमळला. "कारखान्यात. टेस्टिंगला. हॅलोजनखाली."

"किती वेळ?"

"आठ राती."

वृषाली म्हणाली, "आण्णा, सोलर पत्रा आहे तो. तुम्ही लाइटच्या बिलावर ऊन पाडत होता?"

"नियम हाय कारखान्याचा," महिपती पुटपुटला.

मग तिने समजावून सांगितलं. उजेड पडला की त्या स्फटिकातले विद्युतभारित कण आपली जागा सोडून हळूहळू कडेला सरकतात. संध्याकाळपर्यंत कडेला थोडी गर्दी होते, वीज थोडी घटते. अंधार पडला की कण आपापल्या जागी परततात आणि सकाळी पत्रा पुन्हा ताजा होतो. जत्रेतली माणसं रात्री घरी जातात, तसं. महिपतीने दहा दिवस कुणाला घरी जाऊच दिलं नव्हतं. सगळे कण एका दारात चेंगरले होते.

"हे पत्र्याच्या पुस्तकात का न्हाई लिहिलं तुम्ही?"

"कारण रात्र सगळीकडे होते, आण्णा. आम्ही हजारो तास तपासलं, पण दर बारा तासांनी अंधार दिला. सोलर पत्र्याला कोणी रात्री दिवा लावेल असं आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही. चूक आमचीच आहे." मग तिचा आवाज बदलला. "तुम्हाला माझ्या कामाचा भरवसा नव्हता, म्हणून ना आठ दिवस?"

महिपतीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "भरवसा नसता तर तुझ्या आईला त्याच्यावर ठेवली असती व्हय गं?" तो म्हणाला. "माज्या हाताचं काम असतं तरी आठ दिवस चालवलंच असतं. तसंच चालवलं."

वृषाली यावर जे बोलली ते कामाचंच बोलली. "तीन पट्ट्या झाका. आत्ता. चार तास पूर्ण अंधार. चौथी उघडी ठेवा. तीन वाजता काढा."

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं? ऊन हाय तवर झाकू? आन न्हाई उठल्या तर?"

"उठतील."

"तू हे करून बघितलंयस?"

"इतका दमवलेला पत्रा आम्ही बघितलेलाच नाही," ती खरं बोलली. "पण कण तसेच वागतील. उघडं ठेवलंत तर पन्नास होणार नाहीत, हे तुम्हीच सांगितलंत. मी गेली सहा वर्षं हेच करतेय, आण्णा."

सहा वर्षं. आई आजारी पडली त्या वर्षापासून. महिपतीने हा हिशेब आजवर जुळवलाच नव्हता.

तो खाली उतरला. सदानंद तिथेच उभा होता. फोनवरचं निम्मंशिम्मं त्याच्या कानावर पडलं होतं.

"झाप व्हयेत मला," महिपती म्हणाला. "लई झाप."

"येवढाच मा?" सदानंद म्हणाला. "भावोजी, आम्ही तरी गाव कित्याक रिकामो ठेवतो? वाटांनी, विहिरींनी तीन दिवस जरा श्वास घेवक व्हयो. तुमच्या पत्र्याक चारच तास."

बघता बघता माळावरची माणसं गोळा झाली. शेजारच्या खोप्यांवरचे झाप उतरले, त्यावर घोंगड्या पडल्या, घोंगड्यांवर भजनी मंडळाची ताडपत्री. डोक्यावर भगभगीत ऊन असताना पस्तीस वर्षांचा अनुभव असलेला बॉडीबिल्डर आपल्या हाताने सोलर पत्रा झाकत होता. कोल्हापुरात कोणी बघितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

ते चार तास महिपतीने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. जेवायला बसला, पण भात चिवडून उठला. बारा वाजता सत्तावीस. एक वाजता एकोणतीस. एकट्या चौथ्या पट्टीवर सगळा भार. दोन वाजता त्याने ताडपत्रीचं टोक उचलायला हात घातला, तेव्हा वैजयंतीने खालून दरडावलं, "हात लावू नका! भात शिजताना झाकण उचलायचं नसतं."

तीन वाजता बॅटरी चौतीसवर होती. चार माणसांनी ताडपत्री ओढली, घोंगड्या काढल्या, झाप खाली टाकले. महिपती मीटरसमोर गुडघ्यावर बसला. चौथी पट्टी होती तिथेच होती. पहिलीचा आकडा हलला. मग दुसरीचा. तिसरी रेंगाळली, आणि महिपतीने मीटरला टिचकी मारली तेवढ्यात तीही वर सरकली. पाव, निम्मी, पाऊण. दहा मिनिटांत चारही आकडे जवळजवळ एका रांगेत आले.

"उठल्या!" महिपती ओरडला. "वैजू, उठल्या गं तिन्ही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. निम्म्यांना कशासाठी ते माहीत नव्हतं. वैजयंती पायरीवरच बसली आणि रडायला लागली. इतका वेळ आवरून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. लतिका तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चार वाजता चव्वेचाळीस. पाचला पाच कमी असताना पन्नास झाले आणि यंत्राचा हिरवा दिवा लागला.

गाडी कणकवलीकडे तोंड करून उभी होती. महिपतीने किल्ली खिशात टाकली.

नळ्या लावून वैजयंती दाराशी टेकून बसली. माळावर बायकांनी फुगड्यांचा फेर धरला होता. तिला उठता येत नव्हतं, तर मैत्रिणी दारापाशी येऊन खेळल्या. ती बसल्या जागेवरून गाण्याची पुढची ओळ सांगत होती, कारण निम्म्या जणी ती विसरल्या होत्या. साडेसातला यंत्र थांबलं आणि डॉक्टरांचा निरोप आला: सगळं ठीक, परवानगी कायम. महिपतीने तो दोनदा वाचला. मग गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन त्याने मुलीला फोन लावला.

"पत्रा चांगला केलायस, पोरी," तो म्हणाला.

"आण्णा, पुस्तकात आता एक ओळ वाढवणार आहे," वृषाली म्हणाली. "रात्री दिवा लावू नये म्हणून."

"माजं नाव घालू नको त्याच्यात."

गाडी त्याने दिव्यापासून लांब, आंब्याच्या अंधारात नेऊन लावली. सदानंदने खोपीत चटई टाकली होती. जरा पाठ टेकतो म्हणून महिपती आडवा झाला.

भजन रंगात आलं तेव्हा वृषालीचा पुन्हा फोन आला. महिपतीचा फोन त्याच्या उशाशी वाजत होता. वैजयंतीने तो उचलला आणि हळूच बाहेर आली.

"आई, अंधार पुरेसा आहे ना? झाकलंय ना नीट?"

"झाकलंय गं. मीच झाकलं," वैजयंती म्हणाली. "लतिकाची गोधडी होती."

"गोधडी? आई, पत्र्यावर गोधडी कशाला?"

"पत्रा आहे आंब्याखाली. मी तुझ्या आण्णांचं सांगतेय," वैजयंती म्हणाली. तिने वळून खोपीत बघितलं. एवढे टाळ वाजत होते, पण महिपती तोंड उघडं टाकून घोरत होता. "मगाशी यंत्राचा दिवा बघायला उठतील म्हणून वाट बघत होते. उठलेच नाहीत. तू आता सकाळी फोन कर."